सात नंबरचा सांधा

दार नीट लाव, डोरू. वारा आत येतोय आणि शेगडीपुरती लाकडं मोजकीच आहेत. रूळ आपल्या ताब्यात मिळणार एक चाळीसला. अजून तासभर आहे. तोवर सगळे इथेच बसा.

आणि मला नेया, काका म्हणून हाक मारून मघाशी तू जे म्हणालास ना, "नेया गाव्रिल, पॅनलवर दिवा लागतोय, मग या थंडीत पट्टी घालून बघायचं तरी काय?", ते पुन्हा म्हणू नकोस. माझ्यासमोर तर नाहीच नाही. तेहतीस वर्षं सिग्नलच्या कामात काढली मी. हे वाक्य बोलणारे पुष्कळ पाहिले. त्यांतला एक होता ओक्ताव. माझ्या हाताखाली शिकला, माझ्याहून चांगला कारागीर झाला.

पेला इकडे दे. थांब, आधी एक थेंब जमिनीवर. तांती झाम्फिराच्या नावानं. देव तिला क्षमा करो. अर्थात क्षमा करण्यासारखं तिच्या हातून काही झालंच नव्हतं. झालं ते आम्हा बाकीच्यांच्या हातून.

आता ऐका.

साल्चेत स्टेशन. दोन हजार एकोणीस, जानेवारीची सतरा तारीख, गुरुवार. म्हणजे गुरुवार संपून शुक्रवार लागला होता. रात्री सव्वाएकला ओक्ताव घरातून निघाला. काखेत पिशवी, पिशवीत मुलीचे जाड बूट आणि गरम चहाचा थर्मास. मुलगी इलिंका, वीस वर्षांची, बुखारेस्टला शिकायला. परीक्षा संपवून रात्रीच्या गाडीनं घरी येत होती. संध्याकाळी तिचा फोन आला होता, "बाबा, माझ्या बुटांत पाणी शिरलंय, येताना घरातले जाड बूट घेऊन या, नाहीतर मला पाठीवर न्यावं लागेल." आई गेल्यापासून घरात ही दोघंच. ओक्तावचा सगळा जीव त्या पोरीत.

गाडी साल्चेतला दोन चाळीसला येते. बर्फ अकरापासून पडत होता. वारा नदीकडून. ओक्ताव आरामात चालत गेला. कामावर नव्हता तो, निव्वळ बाप म्हणून चालला होता.

स्टेशनात ड्युटीवर नेया लाझार. साठीला टेकलेला, पोट सुटलेला, एकट्यानंच पत्ते खेळत बसायचा आणि स्वतःशीच लबाडी करायचा.

"या या," लाझार म्हणाला. "दाढीबिढी करून आलास! मुलगी येतेय की मुलीला बघायला येतायत?"

"गप बसा हो. गाडी कुठाय?"

"पंचवीस मिनिटं उशीर. बस. चहा आणलायस तो पोरीसाठी, म्हणजे मला मिळणार नाही. माझ्याकडे आलुबुखाराची दारू आहे, ती घे."

ओक्ताव बसला. समोर पॅनल. त्यावर सांध्यांचे दिवे, ओळीनं. एक, तीन, पाच, सात. सगळे हिरवे. सातावर त्याची नजर गेली आणि त्यानं ती लगेच काढून घेतली.

का, ते सांगतो.

सात नंबरचा सांधा स्टेशनच्या नदीकडच्या टोकाला. बुखारेस्टहून येणारी गाडी आधी त्याच्यावरच येते. सरळ गेली तर फलाट. डावीकडे गेली तर दगडखाणीचा रूळ, आणि ती वळणारी बाजू अगदी नदीकाठच्या धक्क्याच्या कडेवर. खाली बारा मीटर उतार, मग नदी. खाणीचे डबे तिथून बैलगाडीच्या चालीनं जातात. ऐंशीच्या वेगानं आलेली गाडी जाणार नाही. आणि गाडी वळवणारी सांध्याची सरकती जीभ जर अर्धवटच राहिली, रुळाला पुरती चिकटली नाही, तर पहिलं चाक इकडे, दुसरं तिकडे. पुढचं तुम्हाला मी सांगायला नको.

आदल्या शरदात तिथले हातानं ओढायचे सांधे काढून मोटारी बसवल्या. रुळाखाली बर्फ वितळवायला विजेच्या तारा. सुधारणा! चांगली सुधारणा होती, मी नाही म्हणत नाही. मोटारीच्या पेटीत एक दांडी असते, जीभ पुरती चिकटली तरच ती बरोबर जागी येते आणि पॅनलवर दिवा लागतो. म्हणूनच आपण जिभेत आणि रुळात चार मिलिमीटरची पट्टी घालून बघतो. पट्टी आत असताना दिवा लागता कामा नये. लागला, तर दिवा खोटं बोलतोय.

जानेवारीच्या आठ तारखेपासून कडाका पडला. सातचा दिवा सारखा जायला लागला. दिवा गेला की सिग्नल लाल, गाडी बाहेर उभी. वरून इंजिनियर साहेबांचा फोन. "एका आठवड्यात नऊ गाड्या थांबवल्यास तू! दिवा जाता कामा नये, समजलं?" गाडी पडता कामा नये असं कुणी म्हणत नव्हतं, दिवा जाता कामा नये. मग ओक्तावनं काय केलं? पेटी उघडली आणि दांडीवरचा नट दोन आटे फिरवला. फक्त दोन. त्यानंतर जीभ थोडी लांब राहिली तरी पेटीला वाटायचं, चिकटली. दिवा एकदाही गेला नाही. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली. थंडी ओसरली की आटे मागे घेऊ, असं ओक्तावनं मनाशी ठरवलं होतं. पट्टीच्या तपासणीचा कागद त्यानं घरी, जेवणाच्या टेबलावर बसून भरला.

हसू नकोस डोरू. तूही भरला असतास.

आणि तांती झाम्फिरा? ती सात नंबरची सांधेवाली. एकतीस वर्षं. मोटारी आल्यावर तिला पेन्शनीत काढलं. सगळं स्टेशन तिला तांती म्हणायचं, मावशी. नवरा नाही, मूल नाही, एक मांजर आणि तो सांधा. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तशी म्हातारी झाडू घेऊन हजर. कुणी बोलावलं नव्हतं. ओक्ताव तिला म्हणाला, "घरी जा तांती, आता वीज गरम करते."

ती म्हणाली, "गरम करते रे. पण बघते का?"

त्या नोव्हेंबरात ती सहा वेळा आली. छातीत थंडी भरली. तीन डिसेंबरला गेली. आम्ही पाच जणांनी खांदा दिला.

तर लाझारच्या खोलीत दोघं बसलेत. दोन चाळीस वाजून गेले. लाझारनं पत्ता टाकता टाकता विचारलं, "बरं, सातावर कुणाला पाठवलंस?"

"कुणाला नाही. का?"

"मग झाडतंय कोण?"

ओक्तावला वाटलं, म्हाताऱ्याला चढली. पण लाझार हसत नव्हता. त्यानं हात वर केला. ऐक, म्हणून.

वारा नदीकडूनच होता.

खर्र. खर्र. खर्र.

मग, टक्. लाकडाचा लोखंडावर ठोका.

परत. खर्र. खर्र. खर्र. टक्.

"बारापासून चाललंय," लाझार म्हणाला. "मला वाटलं तूच कुणाला तरी लावलंयस." तो थोडा थांबला. "तीन हात आणि एक ठोका. माझ्या उभ्या नोकरीत असं झाडणारी मी एकच पाहिली, ओक्ताव."

लाझारनं तीनदा छातीवर क्रूस केला.

"सात हिरवा आहे," लाझार म्हणाला. स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग ओक्तावकडे वळून, "हिरवा आहे म्हणजे चिकटलाय. हो ना?"

इथे. इथेच बोलायला हवं होतं, पोरांनो. एक वाक्य. नेया लाझार, तो दिवा खोटा आहे, गाडी बाहेर थांबवा. लाझारनं बटण दाबलं असतं, गाडी सिग्नलला उभी राहिली असती, इलिंका डब्यात झोपून राहिली असती. पण ते वाक्य बोललं की नोकरी गेली. कदाचित कोर्ट. पोरीची फी, घर, सगळं त्या दोन आट्यांवर.

"हो," तो म्हणाला. "चिकटलाय."

आणि टोपी घालून उठला. "जरा बघून येतो. कोण आहे ते."

"मी नसतो गेलो," लाझार म्हणाला.

ओक्तावनं मनात हिशेब केला. गाडी तीन पाचला. आता दोन एकावन्न. चारशे पावलं. जाऊ, पट्टी घालून बघू, बर्फ असला तर खरवडून काढू. कुणाला कळायची गरज नाही. कुणालाच नाही.

तो रुळाच्या कडेनं निघाला. गुडघ्याएवढा बर्फ. हातात बॅटरी. फलाटाचे दिवे मागे राहिले.

खर्र. खर्र. खर्र. टक्.

जवळ आलं.

त्यानं बॅटरी पुढे धरली. बर्फाशिवाय काही दिसेना. मग दिसलं. एक पाठ. डोक्याला रुमाल. अंगात जुना निळा, कापूस भरलेला कोट, सांधेवाल्यांना पूर्वी मिळायचा तसला. तांतीचा तसा कोट होता. पेन्शनीच्या दिवशी तिनं तो भांडारात परत केला होता. पोच घेऊन.

दहा पावलांवर ओक्ताव थांबला.

ती झाडत होती. वाकून. तीन हात. ठोका. तिच्या भोवती बर्फात पावलं नव्हती. येतानाची नाहीत. उभी होती तिथलीही नाहीत.

"तांती?"

आवाज बाहेर आलाच नाही. ओठ नुसते हलले.

झाडणं थांबलं.

तिनं मान वळवली नाही. झाडूचं दांडकं फक्त खाली नेलं. जिभेच्या टोकाशी. आणि तिथेच धरलं.

ओक्तावनं उजेड तिकडे फिरवला.

जीभ रुळापासून लांब होती.

चार मिलिमीटर नाही. अंगठा जाईल एवढी. मध्ये काळा बर्फ, दगडासारखा घट्ट. त्यानं पुढे होऊन, हातमोजा काढून रुळाला हात लावला. रूळ गार. कातडी चिकटली. गरम करणारी वीज कधीची बंद पडलेली... आणि तिकडे पॅनलवर दिवा हिरवा. दोन आट्यांमुळे हिरवा.

त्यानं फोन काढला. लाझारचं नाव समोर. बोट वर.

दाबलं नाही.

अजून नऊ मिनिटं आहेत. निघेल. बर्फच तर आहे.

तो गुडघ्यांवर बसला. खिशातला पेचकस काढला. खुपसला. खरवडलं. पेचकस सटकला, बोटं फुटली. पुन्हा. चिमूटभर बर्फ निघाला. पुन्हा. दोन मिनिटं. चार. सहा. जीभ केसभरही हलली नाही.

ती उभी होती. दोन हात अंतरावर. त्याला तिच्या कोटाची खालची कड दिसत होती. वाऱ्यानं सगळं उडत होतं. तो कोट हलत नव्हता.

ती वाट बघत होती.

मग रूळ बोलू लागला. तुम्हाला माहितीये तो आवाज. आधी कानाला नाही लागत. हाताला लागतो.

ओक्तावनं वर बघितलं.

तिचा चेहरा कसा होता, ते मी सांगणार नाही. मला त्यानं कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या हातातल्या फोनकडे बघत होती.

बघत राहिली...

तो गप्प. अजूनही गप्प.

तिनं झाडू खांद्यावर टाकला. पाठ फिरवली. आणि रुळांमधून चालू लागली. गाडीच्या दिशेनं. घाई नाही, काही नाही. पाच पावलांवर बर्फानं तिला गिळलं.

वळणावर उजेड आला.

तेव्हा त्यानं बटण दाबलं. लाझारनं उचललं.

"लाल करा! नेया लाझार, लाल करा!"

"काय? अरे सात इथे हिरवा..."

"खोटा आहे! मी केलाय खोटा! नट मी फिरवलाय, मी! माझी पोर आहे त्या गाडीत, लाल करा!"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज. मग नुसता उजेड. डोळ्यांत, बर्फात, सगळीकडे. ओक्ताव रुळांच्या मध्ये उभा राहिला, दोन्ही हात वर करून. लोखंडावर लोखंड घासल्याची किंकाळी. चाकांखाली ठिणग्या. तो हलला नाही. पळून करायचं काय होतं?

उजेड थांबला.

इंजिनाच्या पुढच्या चाकापासून जिभेच्या टोकापर्यंत चार पावलं. त्यानं स्वतः मोजली.

गाडीत एकशे साठ माणसं होती. काही जणांची डोकी आपटली, एका बाईच्या अंगावर बॅग पडली. बास. इलिंका खाली उतरली ती ओल्या बुटांतच. बापाला बर्फात बसलेला बघून रागावली, "बाबा, टोपी कुठे टाकलीत? आणि हाताला काय झालंय?" त्यानं तिला जे धरलं ते सोडेचना. पोर घाबरून गेली.

सकाळी सातला त्यानं सगळं लिहून दिलं. दोन आटे, टेबलावर भरलेला कागद, सगळं. तांतीचं सोडून. ते लिहिण्यासारखं नव्हतं.

आणि ऐका, त्यानंतर तीन दिवस तो माणूस बरा होता. मी त्याच्या घरी गेलो होतो, रविवारी. जेवला माझ्याबरोबर. म्हणाला, "नेया गाव्रिल, नोकरी जाईल, जाऊ दे. उशिरा का होईना, बोललो मी. माझ्या तोंडून शब्द निघाला म्हणून गाडी थांबली." त्या एका गोष्टीवर तो उभा होता. मला त्याचं कौतुक वाटलं. आजही वाटतं.

सोमवारी चौकशी. साल्चेतच्या वेटिंग रूममध्येच बसले होते सगळे. राजधानीहून एक बाई आल्या होत्या. हडकुळ्या, चष्मा, आवाज अगदी शांत. त्यांच्यापुढे दोन कागद. एक इंजिनातल्या यंत्राचा, कधी ब्रेक लागला ते सेकंदासकट लिहितं तो. दुसरा स्टेशनच्या पॅनलचा, सिग्नल कधी लाल झाला तो. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि ओक्तावकडे सरकवले.

ब्रेक लागला तीन वाजून पाच मिनिटं बारा सेकंदांनी.

सिग्नल लाल झाला तीन वाजून पाच मिनिटं तेहतीस सेकंदांनी.

ओक्तावनं तीनदा वाचलं. म्हणाला, घड्याळं मागंपुढं असतील.

"दोन्ही एकाच ठिकाणाहून वेळ घेतात," बाई म्हणाल्या. "तपासलंय. एकवीस सेकंद. तेवढ्यात ही गाडी साडेचारशे मीटर पुढे जाते. तुमच्या फोनवर ती थांबायची असती, तर आज मी इथे नसते बसले. नदीवर असते."

ओक्तावनं ते दोन्ही कागद पुन्हा जवळ ओढले.

ड्रायव्हर तिथेच होता, मान खाली घालून. त्यानं सांगितलं, मी ब्रेकला हात लावला नव्हता. सिग्नल हिरवा होता, मी कशाला लावीन? ब्रेकची हवा आपोआप सुटली. गाडीतून कुणीतरी धोक्याची मूठ ओढली.

"ओढली," बाई म्हणाल्या. "शेवटच्या डब्यातली."

आणि चष्मा काढून त्या पुसत बसल्या.

ओक्तावची नोकरी गेली. दीड वर्षाची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली म्हणून तुरुंगात जावं लागलं नाही. आता लाकडाच्या वखारीत असतो. मागे एकदा भेटला तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे, पोर वाचली ना. तो म्हणाला, "वाचली. पण मी नाही वाचवली. मी तिथे फोन हातात धरून नुसता बसलो होतो, आणि ते तांतीनं बघितलं." त्या रात्रीनंतर सगळीकडच्या पेट्यांना दुसरी दांडी बसवली, ती आपल्याला फिरवता येत नाही, किल्ली वरच्या ऑफिसात असते. आणि पट्टी रात्रीच घालायची, कडाक्यातच घालायची, दोघांनी मिळून, असा नियम आला. तोच नियम आज तुला नको होता, डोरू.

शेवटच्या डब्याचं म्हणशील, तर त्यात कुणी प्रवासी नव्हतं. हीटर बिघडला म्हणून बुखारेस्टलाच तो दोन्हीकडून कुलूप लावून बंद केला होता. त्या रात्री गाडी थांबल्यावर गार्डानं किल्ली आणली, आणि लाझार त्याच्याबरोबर आत गेला. हे लाझारनं मला स्वतः सांगितलं, दारू न पिता, दिवसाढवळ्या. दाराच्या पायरीवरचा बर्फ मोडलेला नव्हता. कुलूप जसंच्या तसं. आत मूठ खाली ओढलेली, तिची तार तुटून लोंबत होती. एका खिडकीची काच फुटकी होती, आणि सबंध रात्रभर त्या फटीतून बर्फ आत येत होता. म्हणजे डब्यातली सगळी वाट बर्फानं भरलेली असायला हवी होती.

वाट कोरडी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळा बर्फ दाराशेजारच्या कोपऱ्यात लोटून ठेवला होता, नीट, ढीग करून.